डाळ बंद केली तर गाठ उपाशी राहते का? (अमिनो आम्लं, निरोगी पेशी आणि कर्करोगाच्या पेशी)

शेवंती

सध्या एक निरोप वेगवेगळ्या ग्रुपांवरून सारखा फिरतोय : ‘कर्करोगाची गाठ अमिनो आम्लांवर जगते. पेशंटची डाळ, दूध, अंडी, शतावरी ताबडतोब बंद करा, गाठ आपोआप सुकेल.’ मी बायोकेमिस्ट्री शिकवते. हा निरोप वाचून मला काळजी वाटते, कारण त्यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे आणि त्याच्या भरवशावर लोक दुसरं वाक्य पाळतात. ओळखीच्या एका घरात केमो चालू असलेल्या आजोबांना भाताची पेज आणि फळांचा रस एवढ्यावरच ठेवलं होतं. म्हणून हा धागा काढते आहे. जरा लांबेल, पण विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

आधी निरोगी पेशीचं बघू. प्रथिनं बांधायला २० अमिनो आम्लं लागतात. त्यातली ९ आपल्याला अन्नातूनच घ्यावी लागतात, बाकीची शरीर स्वतः तयार करू शकतं. स्नायूतली किंवा यकृतातली पेशी काही रोज दुप्पट होत नाही. तिची जुनी प्रथिनं मोडतात, त्यातून सुटलेली अमिनो आम्लं बरीचशी नव्या प्रथिनांत परत लागतात आणि जास्तीचा नायट्रोजन यकृतात युरिया होऊन लघवीवाटे बाहेर जातो. अशा पेशीचा जमाखर्च जवळजवळ जुळलेला असतो.

गाठीतल्या पेशीला मात्र एकाची दोन व्हायचं असतं. सगळा डीएनए नव्यानं, सगळं आवरण नव्यानं, सगळी प्रथिनं नव्यानं. जर्मनीत ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं होतं की गाठीच्या पेशी पुरेसा ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, बरंचसं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. ‘कॅन्सर साखर खातो’ हा आधीचा लोकप्रिय निरोप तिथूनच निघाला. पण ग्लुकोजमध्ये नायट्रोजन नसतो, आणि डीएनएचे घटक नायट्रोजनशिवाय बनत नाहीत. तो आणायचं मोठं काम ग्लुटामिन हे अमिनो आम्ल करतं.

रक्तात सुट्या फिरणाऱ्या अमिनो आम्लांत सगळ्यात जास्त प्रमाण ग्लुटामिनचं असतं, लिटरमागे साधारण अर्धा ते पाऊण मिलिमोल. १९५५ मध्ये हॅरी ईगल यांनी प्रयोगशाळेत पेशी वाढवताना पाहिलं की इतर अमिनो आम्लांपेक्षा ग्लुटामिन त्यांना कितीतरी पटींनी जास्त लागतं. त्याच्या एका रेणूत दोन नायट्रोजन असतात. त्यातला एक थेट डीएनएच्या घटकांसाठी दिला जातो. किंवा मग ग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम तो तोडतं, ग्लुटामेट उरतं, त्याचं पुढे अल्फा-कीटोग्लुटारेट होतं आणि ते क्रेब्ज चक्रात, म्हणजे पेशीला ऊर्जा आणि कच्चा माल देणाऱ्या रासायनिक क्रियांच्या फेऱ्यात शिरतं. हे शिरणं महत्त्वाचं आहे, कारण वाढणारी पेशी आवरणासाठी चरबी बनवायला त्याच चक्रातून सायट्रेट सतत बाहेर काढत असते. काढलेलं भरून दिलं नाही तर चक्र थांबेल. ग्लुटामिन ती भर घालतं.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो मुद्दा. यातलं काहीही फक्त कर्करोगाचं नाही! आतड्याच्या अस्तरातल्या पेशी, जंतूंशी झुंजायला निघालेल्या टी-पेशी, या सगळ्या अशाच ग्लुटामिन ओढतात. फरक पडतो तो टंचाई आल्यावर. निरोगी पेशीत अमिनो आम्लांची टंचाई ओळखणारी प्रथिनं असतात. टंचाई जाणवली की पेशी विभाजन थांबवते, जुनी प्रथिनं मोडून गुजराण करते, वाट पाहते. ज्या गाठीत मिक नावाचं जनुक सतत चालू राहिलेलं असतं, तिथल्या पेशीला हे थांबणंच जमत नाही. मिक तिच्याकडून ग्लुटामिन आत घेणारी दारंही वाढवून घेतं आणि ग्लुटामिनेजही. पुरवठा तोडला की अशी पेशी थांबत नाही, मरते.

मग यावर औषध सापडलं का? सापडलं. आज जगभर लाखो मुलं त्याच्यावर बरी झाली आहेत. त्याची गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन किड हे उंदरांमधल्या लिम्फोमावर, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर, प्रयोग करत होते. प्रतिपिंडांच्या प्रयोगाला जोड म्हणून ते गिनीपिगचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) वापरत होते. तुलनेसाठी काही उंदरांना नुसता गिनीपिगचा सीरम दिला होता, आणि त्यांच्याही गाठी विरघळल्या. घोड्याच्या किंवा सशाच्या सीरमनं तसं होत नव्हतं. सीरममध्ये नेमकं काय आहे याचा उलगडा व्हायला १९६१ साल उजाडलं. जॉन ब्रूम यांनी दोन जुनी टोकं जुळवली. १९२२ मध्ये इटलीत क्लेमेंटी यांनी लिहून ठेवलं होतं की गिनीपिगच्या रक्तात अ‍ॅस्परॅजिनेज हे एन्झाइम भरपूर असतं, जे बहुतेक प्राण्यांच्या रक्तात नसतंच. दुसरीकडे १९५६ मध्ये न्यूमन आणि मॅकॉय यांनी दाखवलं होतं की उंदरांच्या एका गाठीतल्या पेशी अ‍ॅस्परॅजिन मिळाल्याशिवाय वाढत नाहीत. गाठी मारणारा घटक म्हणजे हे एन्झाइमच, असं ब्रूम यांनी सिद्ध केलं.

अ‍ॅस्परॅजिन हे शरीर स्वतः बनवणाऱ्या अमिनो आम्लांपैकी एक. अ‍ॅस्पार्टेट घ्यायचं, ग्लुटामिनकडचा एक नायट्रोजन त्याला जोडायचा, की झालं अ‍ॅस्परॅजिन. ही जोडणी करणारं एन्झाइम म्हणजे अ‍ॅस्परॅजिन सिंथेटेज. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे एएलएलमध्ये (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), रोगट पेशींकडे हे सिंथेटेज फारच कमी असतं. त्यामुळे रक्तातून येणाऱ्या आयत्या अ‍ॅस्परॅजिनवर त्यांची सगळी भिस्त. अ‍ॅस्परॅजिनेज टोचलं की ते रक्तातल्या अ‍ॅस्परॅजिनचं अ‍ॅस्पार्टेट आणि अमोनिया करून टाकतं. निरोगी पेशी आपलं अ‍ॅस्परॅजिन घरीच बनवतात, तग धरतात. रोगट पेशींची प्रथिनं बनणं बंद पडतं.

१९६४ मध्ये डेलावेअर विद्यापीठात मॅशबर्न आणि रिस्टन यांनी तेच काम ई. कोलाय जिवाणूतल्या अ‍ॅस्परॅजिनेजनं होतं हे दाखवलं, म्हणून औषध मोठ्या प्रमाणात बनवता आलं. नाहीतर एका मुलासाठी किती गिनीपिग लागले असते! १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज श्रीमंत देशांत एएलएलची ९० टक्क्यांच्या आसपास मुलं बरी होतात. त्यात इतर औषधांचा वाटा मोठा आहे, पण अ‍ॅस्परॅजिनेजशिवाय आजचा एकही चांगला प्रोटोकॉल (उपचारांचा ठरलेला आराखडा) पूर्ण होत नाही.

ताटातलं अ‍ॅस्परॅजिन कमी करून हे साधत नाही, कारण शरीर ते बनवत राहतं आणि रक्तात सोडत राहतं. रक्तात जे येईल ते तिथल्या तिथे तोडणारं काहीतरी दिवसरात्र हजर लागतं, आणि ते फक्त इंजेक्शननं शक्य होतं.

दुर्वा_आई

शेवंतीताई, हा धागा वाचून अक्षरशः जिवात जीव आला. माझ्या मुलीला एएलएल आहे, उपचार चालू आहेत. तिला ‘पेग’ची इंजेक्शनं मिळतात. ते हेच औषध ना? आम्हाला हॉस्पिटलमध्ये तेलकट-तुपकट बंद करायला सांगितलंय, पण का ते विचारायचं राहून गेलं. सासूबाई म्हणतात तूप नाही तर दूध तरी कशाला द्यायचं, तेही बंद कर. आणि दर वेळी फायब्रिनोजेन का तपासतात?

शेवंती

दुर्वाच्या आई, हो, तेच औषध. पेग म्हणजे पेगअ‍ॅस्परगेज. ई. कोलायच्या एन्झाइमला पॉलिएथिलिन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे ते रक्तात जास्त दिवस टिकतं. साधं अ‍ॅस्परॅजिनेज दर दोन-तीन दिवसांनी टोचावं लागतं, पेग एकदा दिलं की साधारण दोन आठवडे काम भागतं.

तेलातुपाचं कारण अमिनो आम्लांशी जोडलेलं नाही. या औषधानं, विशेषतः सोबत स्टेरॉइड चालू असेल तर, रक्तातले ट्रायग्लिसराइड खूप चढू शकतात, आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका तर या औषधाला असतोच. म्हणून चरबी कमी. दुधातलं प्रथिन मात्र तिला हवंच आहे. साय काढलेलं दूध, ताक, घट्ट वरण, अंड्याचा पांढरा भाग याला सहसा कुणी डॉक्टर नाही म्हणत नाहीत, तरी तिचे रिपोर्ट पाहणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. सासूबाईंना सांगा की दुधातल्या अ‍ॅस्परॅजिनची काळजी घ्यायला रक्तात एन्झाइम बसलेलं आहे.

फायब्रिनोजेनचं कारण यकृत. गुठळी बनवणारी आणि गुठळी रोखणारी, दोन्ही प्रकारची प्रथिनं यकृत तयार करतं. अ‍ॅस्परॅजिन संपलं की त्यांचं उत्पादन घटतं. गुठळी बनवणारं फायब्रिनोजेन घसरतं तसं गुठळी रोखणारं अँटीथ्रॉम्बिनही घसरतं, त्यामुळे रक्तस्रावाची आणि गुठळीची अशी दोन्हीकडून भीती असते. म्हणजे बघा, निरोगी पेशीवर परिणाम होत नाही असं नाही. ती तगते, पण तिला त्याची किंमत मोजावी लागते.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पोटात जोराचं दुखून पाठीकडे कळ जात असेल आणि उलट्या होत असतील, किंवा डोकं असह्य दुखत असेल, झटका आला, हातपाय लुळा वाटला, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा.

सह्यकडा

लेख आवडला, पण एक शंका आहे. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये केंब्रिजच्या गटाचा पेपर आला होता, त्यात उंदरांना कमी अ‍ॅस्परॅजिनचा आहार दिल्यावर स्तनाच्या कर्करोगाचं पसरणं कमी झालं होतं. तेव्हा सगळीकडे ‘अ‍ॅस्परॅगस खाल्ल्यानं कॅन्सर पसरतो’ अशा बातम्या झळकल्या. शतावरी त्याच कुळातली. मग आहाराचा काहीच संबंध नाही असं कसं म्हणता येईल?

शेवंती

सह्यकडा, चांगला प्रश्न आहे. फिरणाऱ्या निरोपाचं मूळ तोच पेपर असावा.

तो प्रयोग नीट केलेला आहे. उंदरांमधल्या आक्रमक स्तनकर्करोगाचं मॉडेल होतं. ज्या पेशींत अ‍ॅस्परॅजिन सिंथेटेज जास्त, त्या जास्त पसरत होत्या. सिंथेटेज कमी केलं, अ‍ॅस्परॅजिनेज दिलं किंवा आहारातलं अ‍ॅस्परॅजिन घटवलं की फुप्फुसातल्या गाठी कमी झाल्या. मूळ गाठीच्या वाढीवर मात्र त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. आता त्या उंदरांचा आहार डोळ्यांसमोर आणा. सुट्या अमिनो आम्लांची मोजून केलेली मिश्रणं होती ती. माणसाच्या जेवणात असं एकच अमिनो आम्ल वेगळं काढता येत नाही. डाळी, बटाटा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, दाणे, जिथे प्रथिन तिथे अ‍ॅस्परॅजिन. ते टाळायचं म्हणजे प्रथिनच टाळायचं.

अ‍ॅस्परॅगसचा संबंध एवढाच की १८०६ मध्ये पॅरिसमध्ये व्होकलँ आणि रोबिके यांनी हे अमिनो आम्ल पहिल्यांदा त्या भाजीच्या रसातून वेगळं केलं, आणि ते सापडलेलं पहिलंच अमिनो आम्ल ठरलं. आपली शतावरी ही त्याच कुळातली दुसरी जात, आपण तिची मुळं औषधात वापरतो. केमो चालू असताना शतावरी कल्प किंवा कुठलंही चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये हे माझंही मत आहे, पण त्याचं कारण औषधांची एकमेकांत होणारी लुडबुड. त्यातल्या अ‍ॅस्परॅजिनमुळे नव्हे.

आहारवेध

मी कॅन्सर पेशंटसाठी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. शेवंतीताईंनी ज्या आजोबांचा उल्लेख केला तसे आजोबा, काकू, मावश्या मला रोज भेटतात, म्हणून पोटतिडकीनं लिहिते आहे.

गाठ असलेल्या माणसाचं प्रथिन बंद केलं तर गाठीला टंचाई होते, असं घडत नाही. शरीर रक्तातली अमिनो आम्लांची पातळी काही झालं तरी सांभाळतं आणि त्यासाठी स्नायू मोडतं. मांडीचा, दंडाचा, श्वासाचा स्नायू. गाठीमुळे शरीरात जी सूज असते तीही हे मोडणं वाढवते. स्नायूतून सगळ्यात जास्त बाहेर पडतात ती ग्लुटामिन आणि अ‍ॅलानिन. म्हणजे तुम्ही ताटातली डाळ काढता, पेशंटची मांडी झिजते आणि गाठीला हवं असलेलं ग्लुटामिन मिळतच राहतं. त्यात पेशंट इतका खंगतो की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. रोगानं नाही, घरातल्यांच्या मायेनं उपचार मागे पडतो.

युरोपातल्या वैद्यकीय पोषणाच्या संघटनेची (एस्पेन) कॅन्सर पेशंटसाठीची शिफारस आहे : वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन, आणि जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत. मूत्रपिंड किंवा यकृताचा त्रास असेल तर हिशेब वेगळा. ५० किलोच्या बाईला ७५ ग्रॅमपर्यंत. आपल्या शाकाहारी घरात एवढं सहज जात नाही. एक वाटी वरणात पाच-सहा ग्रॅमच असतं, तेही पातळ केलं की आणखी कमी. म्हणून मी सांगते : वरण घट्ट करा, मुगाचं कढण द्या, नाचणीची आंबील दुधात करा, उकडलेलं अंडं चालत असेल तर रोज द्या, धिरड्याच्या पिठात पनीर किसून घाला. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट टाळून गार आणि मऊ. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची कडधान्यं, बाहेरची चटणी नको, सगळं शिजवून द्या.

दुर्वाच्या आई, तुमच्या मुलीसाठी मात्र पनीर सायीच्या दुधाचं नको आणि दाण्याचं कूटही सध्या नको, चरबीमुळे.

पेट्रीडिश

मी याच क्षेत्रात संशोधन करतो, सध्या देशाबाहेर आहे. शेवंती यांनी ग्लुटामिनचं जे लिहिलंय त्याला एक पुस्ती जोडतो, कारण माझ्या मते इथेच आमच्या क्षेत्राची बरीच वर्षं गेली.

पेशी बशीत वाढवताना जे द्रावण वापरतात त्यात ग्लुटामिन लिटरला २ ते ४ मिलिमोल असतं. रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या द्रावणात सिस्टिनही माणसाच्या रक्तापेक्षा बरंच जास्त असतं. २०१७ मध्ये दिसून आलं की सिस्टिन जास्त असलं की पेशी ते आत घेण्यासाठी ग्लुटामेट बाहेर टाकतात, आणि ते भरून काढायला आणखी ग्लुटामिन तोडतात. म्हणजे बशीत दिसणारं ग्लुटामिनचं ‘व्यसन’ काही अंशी त्या द्रावणानंच लावलेलं होतं. त्याआधी २०१६ मध्ये फुप्फुसाच्या गाठींवर काम झालं होतं. त्याच पेशी बशीत ग्लुटामिनवर अवलंबून, पण जिवंत उंदराच्या फुप्फुसात वाढल्या की ग्लुकोजचा कार्बन वापरतात आणि ग्लुटामिनेज काढलं तरी वाढत राहतात.

ग्लुटामिनेज अडवणारं टेलाग्लेनास्टॅट नावाचं औषध बशीत फार आश्वासक होतं. मूत्रपिंडाच्या कर्करोगात नेहमीच्या औषधाला ते जोडून मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा रोग रोखून धरण्याचा काळ काही वाढलेला नव्हता. त्याआधी, १९५० च्या दशकात, डॉन नावाचं ग्लुटामिनची नक्कल करणारं औषध माणसांना देऊन पाहिलं होतं. ते ग्लुटामिन वापरणारी बरीच एन्झाइमं एकदम बंद पाडायचं. आतड्याला इतका त्रास व्हायचा की ते मागे पडलं.

याउलट आर्जिनिनकडे बघा. ते अ‍ॅस्परॅजिनच्या वाटेनं जातं. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, काही मेलॅनोमा (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार), यकृताच्या काही गाठी यांच्यात आर्जिनिन बनवण्याच्या वाटेवरचं एएसएस१ हे एन्झाइम बंद पडलेलं असतं. रक्तातलं आर्जिनिन तोडणारं जिवाणूचं एन्झाइम पेग लावून दिलं आणि सोबत केमो दिली, तर मेसोथेलिओमाच्या एका उपप्रकारात रुग्णांचं मध्यम आयुर्मान ७.७ महिन्यांवरून ९.३ महिन्यांवर गेलं. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दीड महिन्याचा फरक लहान वाटेल, पण त्या रोगात फार थोडी औषधं काहीही फरक पाडतात. यकृताच्या कर्करोगात मात्र तेच औषध एकटं देऊन काही साधलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर, पेशीला एखादी गोष्ट ‘जास्त लागते’ म्हणून केलेला हल्ला बहुधा फसतो, कारण तीच गोष्ट टी-पेशीला आणि आतड्यालाही जास्त लागते. पेशीला एखादी गोष्ट ‘बनवताच येत नाही’ तेव्हा हल्ला टिकतो.

सह्यकडा

पेट्रीडिश, हे फार स्पष्ट झालं. मग ल्युकेमियाच्या पेशी सिंथेटेज परत चालू करून निसटत नाहीत का?

पेट्रीडिश

निसटतात ना! सिंथेटेजचं जनुक बहुतेक पेशींत शाबूत असतं, नुसतं दाबून ठेवलेलं असतं. अमिनो आम्ल आटलं की जीसीएन२ आणि एटीएफ४ या टंचाई ओळखणाऱ्या प्रथिनांची साखळी जागी होते आणि ते जनुक उचललं जातं. स्तन, स्वादुपिंड वगैरेंच्या गाठी हे झटपट करतात, म्हणून तिथे अ‍ॅस्परॅजिनेज एकट्यानं चाललेलं नाही. शिवाय २००७ मध्ये दाखवलं गेलं की अस्थिमज्जेतल्या आधारपेशी शेजारच्या ल्युकेमियाच्या पेशींना स्वतः बनवलेलं अ‍ॅस्परॅजिन पुरवतात. रक्तात शून्य असलं तरी मज्जेच्या कोपऱ्यात थोडं मिळत राहतं. म्हणूनच हे औषध कधी एकटं देत नाहीत. व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट अशी फळी एकदम लावतात, म्हणजे निसटायला वेळच मिळत नाही.

अप्पा_वाईकर

निवृत्त डॉक्टर आहे, वय झालंय, टायपिंग हळू आहे. मेथोट्रेक्सेटचं नाव निघालं म्हणून लिहितो.

सेरिन या अमिनो आम्लातला एक कार्बन फोलेटच्या मदतीनं डीएनएच्या घटकांत जातो. फोलेटची वाट अडवली की ते थांबतं. ही वाट अडवणारी पहिली औषधं न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाली, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्याकडून आलेलं अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यातल्या १० मुलांत सुधारणा झाली. तात्पुरती, पण तोवर या रोगात तेवढंही कुणी पाहिलं नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. मेथोट्रेक्सेट हा त्याच घराण्यातला पुढचा रेणू.

आपल्याकडे १९८० च्या दशकात परळच्या टाटा मेमोरियलनं, दिल्लीच्या एम्सनं आणि चेन्नईच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटनं एमसीपी-८४१ हा प्रोटोकॉल वापरायला घेतला, त्यात एल-अ‍ॅस्परॅजिनेज होतं. त्याआधी एएलएलचं मूल बरं झालेलं आम्ही क्वचितच पाहत असू. त्यानंतर मुलं शाळेत परत जायला लागली. आमच्या पिढीतल्या डॉक्टरांना ते काय वाटलं हे शब्दांत सांगता येणार नाही. दुर्वाच्या आई, धीर सोडू नका.

दुर्वा_आई

अप्पा, तुमचा प्रतिसाद यांनाही वाचून दाखवला. खूप आभार सगळ्यांचे.

एक शेवटचं विचारते. वॉर्डात तिच्या शेजारच्या मुलाला पेग देताना अंगावर गांध्या उठल्या, धाप लागली. त्याला आता दुसरं औषध देणार म्हणतात. माझ्या मुलीला काहीच झालं नाही, म्हणजे तिला औषध लागू पडतंय असं समजायचं का?

शेवंती

तेवढ्यावरून नाही समजता येत. हे एन्झाइम जिवाणूचं प्रथिन आहे, त्यामुळे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं. काहींना गांध्या, धाप असं उघड दिसतं. काहींत मात्र बाहेर काहीच दिसत नाही आणि प्रतिपिंडं औषध आतल्या आत निकामी करतात. अ‍ॅलर्जीची औषधं आधी टोचलेली असली तर गांध्याही झाकल्या जातात.

शेजारच्या मुलाला बहुधा अर्विनिया जिवाणूपासून केलेलं अ‍ॅस्परॅजिनेज देतील. ते वेगळ्या जिवाणूचं असल्यानं ई. कोलायविरुद्धची प्रतिपिंडं सहसा त्याला ओळखत नाहीत. पेग बदलून साधं ई. कोलायचं देऊन मात्र उपयोग होत नाही.

खात्री करायला रक्तातली अ‍ॅस्परॅजिनेजची अ‍ॅक्टिव्हिटी मोजतात. पेग दिल्यानंतर साधारण सातव्या आणि चौदाव्या दिवशी नमुना घेतात, आणि मिलिलिटरला किमान ०.१ युनिट भरायला हवं. आपल्याकडे ही तपासणी आणखी महत्त्वाची आहे, कारण भारतात मिळणाऱ्या काही जेनेरिक अ‍ॅस्परॅजिनेजची ताकद अपेक्षेपेक्षा कमी भरते हे इथल्याच डॉक्टरांनी तपासून प्रसिद्ध केलं आहे. सगळीकडे सोय नसते, पण विचारायला संकोच करू नका.

दुर्वा_आई

सोमवारी डे-केअरला जायचंय, तेव्हा विचारते. नाव नीट सांगाल का, म्हणजे चिठ्ठीवर लिहून नेते? आणि अ‍ॅस्परॅजिनची पातळी तपासून घेतली तर चालेल का? आमच्या इथल्या लॅबवाल्यांनी ते करता येईल असं सांगितलं.

शेवंती

‘अ‍ॅस्परॅजिनेज अ‍ॅक्टिव्हिटी’ असं लिहा, आणि पेगची तारीख, वेळ शेजारी टाका. अ‍ॅस्परॅजिनची पातळी लॅबमधून करून घेऊ नका, पैसे वाया जातील. रक्त काढलं तरी त्यातलं एन्झाइम नळीत काम करतच राहतं. नमुना लगेच बर्फावर ठेवून त्याला थांबवलं नाही तर लॅबमध्ये पोचेपर्यंत ते उरलंसुरलं अ‍ॅस्परॅजिन तोडून टाकतं, आणि शरीरात भरपूर असलं तरी रिपोर्टवर शून्याच्या जवळचा आकडा येतो.